जिवंत मुलाची गोष्ट

कुमुदिनीकाकू अंबरनाथ पूर्वेला आमच्या शेजारी राहत. काका दारूगोळ्याच्या कारखान्यात अधिकारी. दुपार मोकळी असे, म्हणून त्रेपन्न सालच्या सुमारास काकू एका महिला मंडळात जाऊ लागल्या. मंडळ उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये निर्वासितांच्या मुलांना दूध वाटायचं.

चिटणीस सुनेत्राबाईंनी ठरवलं की दूध बंद करून बायकांसाठी शिवणवर्ग काढायचा. बेत काकूंनाही पटला होता. पण सभासदांच्या गळी तो उतरवण्यासाठी सुनेत्राबाईंनी एक गोष्ट रचली. कॅम्पातली ईश्वरीबाई नावाची सिंधी विधवा फुकटच्या दुधावर विसंबून राहिली, एकदा दूध आलं नाही, मुलगा दगावला. मग तिने सुई हातात घेतली आणि ती तगली.

ईश्वरीबाई खरीच होती. शिवणकाम मात्र ती सिंधमधूनच शिकून आली होती, आणि तिचा मुलगा शाळेत जात होता.

सभेत तिला मुद्दाम पुढे बसवलं. मराठी तिला फारसं कळत नसे. गोष्ट ऐकून बायका डोळे पुसू लागल्या, तशी ती संकोचून हसली आणि तिने सगळ्यांना हात जोडले.

बाहेर आल्यावर ईश्वरीबाईने काकूंना विचारलं, "बाई, ये सब रोती क्यों थीं?"

काकूंनी सांगून टाकलं. ईश्वरीबाई जागच्या जागी थांबली, बाजूला थुंकली.

"मेरा बच्चा मार दिया इन्होंने," एवढंच म्हणाली आणि झपाझप शाळेच्या दिशेने निघाली.

काकूंनी सुनेत्राबाईंना जाब विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, "लोकांना योजना कळत नाही, गोष्ट कळते."

"मग खरी सांगा."

"खऱ्या गोष्टीत मुलगा पास होतो. त्याला कोण रडणार?"

वर्ग निघाला, चांगला चालला. गोष्टही चालली. बदलापूरच्या सभेत तर मुलगा आईच्या मांडीवर दुधाचा घोट मागत मेला. काकू उठल्या आणि मुलगा जिवंत आहे, चौथीत आहे, असं सांगून खाली बसल्या. शेजारच्या बाईने रंगात आलेली गोष्ट मोडली म्हणून त्यांच्याकडे रागाने पाहिलं.

काकूंनी मंडळ सोडलं. ईश्वरीबाई त्या वर्गाकडे कधी फिरकली नाही. काकू आपली पोलकी तिच्याकडेच शिवायला टाकत. पुढे कुठल्याही समारंभात वक्ता "एक गोष्ट सांगतो" म्हणाला, की त्या उठून चपला शोधू लागत.