टँकरचं तेल

सोसायटीच्या स्टोअरकीपरइतका काटकसरी माणूस मी पाहिला नाही, आणि त्याच्याइतका राग मला कुणाचाच आला नाही. दुष्काळात मी सोसायटीचा पाण्याचा टँकर चालवायचो. चेअरमनच्या जीपला तो सीलबंद डब्यातलं तेल घालायचा, त्यातलेच चार थेंब स्वतःच्या सायकलच्या चेनला. जीपमधून काढलेलं काळं तेल मात्र धोतराच्या फडक्यातून गाळायचा, बाई तूप गाळते तितक्या मायेनं, आणि ते माझ्या टँकरला द्यायचा.

"साहेब, यानं इंजिन जाम व्हईल," मी म्हणायचो.

"तेल ते तेलच की. आपल्यात काई वाया जात न्हाय," तो मान डोलवत म्हणायचा. जणू पुण्यच करत होता.

शेवटी बेंबळी गावाच्या अलीकडं इंजिन जाम झालंच. जवळच्या वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन टँकरभोवती जमल्या. पण टँकरच्या नळाच्या कुलपाची किल्ली या स्टोअरकीपरकडं. दुपारी तो जीपमधून आला. तेल मोजायची पट्टी ओढून बघितली आणि म्हणाला, "तेल तर भरपूर हाय!" मग काळी झालेली बोटं बघून त्यानं कुलूप काढलं, नळ सोडला आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायला लागला.

एका म्हातारीनं पटकन त्याच्या हाताखाली घागर धरली. "म्हशीला व्हईल," ती पुटपुटली.

मी हातातला पाना आवळून उभा होतो. त्यानं त्या घागरीकडं बघितलं आणि माझ्याकडं बघून खुशीत मान डोलवली.

"बघ ड्रायव्हर, गेलं का काई वाया?"