रामथाने भाजू न दिलेलं डोकं

आमच्या क्लेव्हसिन नगरात माणूस गेला की त्याची राख मडक्यात भरतात आणि वर त्याच्याच चेहऱ्याचं मातीचं डोकं बसवतात. ती डोकी घडवायची रामथा आणि भाजायचो मी. गेलेल्या माणसाला तिने पाहिलेलं असो नसो, घरच्यांना चार गोष्टी विचारायची, आणि डोकं भट्टीतून निघालं की घरचे रडायचेच. जन्मभर तिच्या शेजारी राहिलो, पण हे तिला कसं जमायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आमचा पोर्सेना राजा रोमवर चालून गेला, तेव्हा तिचा एकुलता एक मुलगा औलेही भाला घेऊन निघाला. राजाने रोमला जेरीस आणलं, मग तह केला आणि छावणीतलं धान्य उपाशी रोमकरांनाच देऊन टाकलं. एवढं मन आमच्याच राजाचं. पुढे राजपुत्र थोडी फौज घेऊन रोमजवळच्या अरिकिया गावावर गेला, आणि तिथे सगळं फिसकटलं. राजपुत्राची राख घरी आली. औलेचं काहीच आलं नाही.

राख नसली तरी आमच्यात डोकं करून थडग्यात ठेवतात, नाहीतर जीव भटकतो. रामथाने औलेचं डोकं केलं, अगदी हुबेहूब. पण ते भाजायला देईना.

"भाजलं की मेला," ती म्हणाली. "ओलं आहे तोवर आहे."

ओल्या फडक्यात गुंडाळलेलं ते डोकं तिने कधी वाळू दिलं नाही. दर वसंतात फडकं सोडायची आणि पोराचं वय वाढवायची. कपाळावर एखादी आठी, केस जरा मागे. लोक हसले. तिच्या दिराने तर बोलणंच टाकलं. मीही एकदा वैतागून म्हणालो, "रामथा, अगं सुटू दे त्या बिचाऱ्याला."

"डावीकडची दाढ पडलीय त्याची," ती म्हणाली. "गाल बसवायला हवा."

मी कपाळाला हात लावला.

पुढच्या हिवाळ्यात ती गेली. राख मडक्यात भरली आणि मग आमच्या लक्षात आलं, की तिचं डोकं घडवणारं आता कुणीच नाही.

ते मडकं तसंच बोडकं असताना एक लंगडा माणूस रामथाचं घर विचारत आला. दिराने भिकारी समजून त्याला हाकललं. मी त्याच्याकडे पाहिलं. तीच आठी, तेच मागे सरलेले केस, डावा गाल बसलेला. हाताला धरून मी त्याला आत नेलं आणि तिच्यामागे मीच ओलं ठेवलेलं त्या डोक्याचं फडकं सोडलं.

औले दचकून मागे सरला. त्याचा हात आपोआप गालाकडे गेला.

मग त्याने सांगितलं, अरिकियाहून रोमला पळालेल्या आमच्या जखमींना रोमकरांनी घरात घेतलं होतं. पाय बरा होईतो तो राहिला, मग तिथलीच बायको केली, मुलं झाली. "दर वर्षी यायचं म्हणत होतो, काका."

मला संताप आवरेना. "आणि ती दर वर्षी तुला म्हातारा करत होती," मी म्हणालो.

मग हात पाण्यात बुडवून त्याने स्वतःचं मातीचं डोकं मोडलं आणि त्याच मातीतून आईचं घडवायला घेतलं. त्याला येत कुठे होतं? नाक वाकडं झालं, एक कान मोठा. मी भट्टी लावली.

बाहेर काढलं तेव्हा ते रामथासारखं मुळीच दिसत नव्हतं. तरी आम्ही दोघं रडलो.