काठोकाठ भरलेली बाटली

आमचे आजोबा, निंबाआबा, पिंपळनेरचे. फौजेतून निवृत्त झाले, पण हट्ट काही निवृत्त झाला नाही. त्यांचे वडील शेतात पाण्यासाठी भोपळ्याचा तुंबा न्यायचे, पुढे बैलगाडीला कापडी छागल लटकली. आबांकडे मात्र अजून फौजेतलीच बाटली, ॲल्युमिनियमची, वरून लोकरी कापड शिवलेली. मी हौसेने आणलेला स्टीलचा थर्मास खुंटीवर धूळ खातो.

ही बाटली एकतर काठोकाठ भरलेली, नाहीतर रिकामी. अर्धी बाटली चालताना डुचमळते. एकदा गस्तीवर त्यांच्या बाटलीच्या आवाजावर गोळी आली आणि शेजारून चालणाऱ्या चंदन नावाच्या जवानाला लागली. एवढंच सांगत, पुढे विचारलं की उठून जात. तेव्हापासून झाकण उघडलं तर सगळं पाणी संपवायचं, नाहीतर उघडायचंच नाही.

मे महिन्यात एके दिवशी सकाळी ते शेताकडे चालत गेले, ते दुपारचा एक वाजला तरी परतले नाहीत. आधी मला राग आला, मग राहवेना. काकांना गाडी घेऊन यायला सांगितलं आणि मी स्कूटी काढली.

बांधावरच्या बाभळीखाली आबा पडले होते. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. हाका मारल्या, डोळे उघडेनात. गळ्यातली बाटली तशीच भरलेली. परतीच्या वाटेसाठी राखली असणार. इतकी चीड मला आयुष्यात कुणाची आली नव्हती.

डोक्यावर, मानेवर, छातीवर तिच्यातलं अर्धंअधिक पाणी ओतलं. ओढणी भिजवून वारा घालत राहिले. जीव मुठीत धरून त्यांच्या पापण्यांकडे बघत होते. बऱ्याच वेळाने त्या हलल्या.

काकांची गाडी दिसली तसं मी आबांना बाभळीला टेकून बसवलं. गळ्यातली बाटली डुचमळली. आबांनी ती झटकन छातीशी घट्ट धरली.

"वाजू द्या, आबा. आठे बांधवर गोळी मारनारा कोन शे?"

आबांनी बाटलीचं झाकण चाचपलं.

"चंदननी पानी मांगं व्हतं," ते म्हणाले. "मी दिधं नही. पानी उरनं म्हनीसन बाटली वाजनी."

मी हळूच बाटली सोडवून झाकण काढलं. बाटली त्यांच्या ओठांना लावली. दोन घोट घेऊन त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

"तू पे."

मी बाटली तोंडाला लावली. शेवटच्या थेंबापर्यंत प्याले, आणि ते बघत राहिले.