अकरा पिल्लं आणि एक घार

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या. कारण त्या दिवशी मी जी घाबरले, ते आठवलं की माझं हसू अजून पळून जातं. आणि कहर म्हणजे, सगळ्या वस्तीला घाबरवणारी बाई मीच!

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. लग्न होऊन जेमतेम वीस दिवस झालेले. मी नगर शहरात वाढलेली. कोंबडी पाहिली होती ती दुकानात, उलटी टांगलेली. आणि पडले कुठं, तर संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या वस्तीवर. पुढं ऊस, मागं ऊस, मधे आमचं घर. नवरा सकाळच्या बसनं कामाला जायचा तो दिवेलागणीला उगवायचा.

अशात सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला श्रीरामपूरला निघाल्या. आत्याबाई म्हणायचे मी त्यांना. जाताना त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, काही मायेचं बोलतील.

"हे बघ पोरी, भाकर करपली तरी चालंल, नवरा उपाशी ऱ्हायला तरी चालंल. पन तांबडीची अकरा पिल्लं हायत. अकराच्या अकरा मला परत दिसली पायजेत. घार लई माजलीय."

"घार काय करते?"

"काय करती? वरनं दगडावानी पडती. डोळ्याची पापनी लवंस्तवर पिल्लू गेलं! आन् मधी कोन आलं तर त्याचंबी टकुरं फोडती."

झालं! आत्याबाई गेल्या आणि माझं जगणं आभाळाला टांगलं गेलं. तांबडी कोंबडी पिल्लं घेऊन मागच्या अंगणात उकरत फिरायची, वर घार घिरट्या घालायची, आणि मधे मी. डोक्यावर पितळी पातेलं, एका हातात छत्री, दुसऱ्यात काठी. हसताय काय? तुम्ही बसून बघा! अंगणातून ती काळी सावली सरकायला लागली की मी पातेलं कानांपर्यंत ओढून घ्यायचे. वरून तिची ती शीळ यायची, चिर्रर्र... अंगावर नुसता काटा.

तिसऱ्या दिवशी, दहा-साडेदहाची वेळ. सावली आली. एकदम मोठी झाली. तांबडी 'कर्रर्र' करून ओरडली, पिल्लं सैरावैरा, माझ्या कानाशी पंखांचा फडफडाट, आणि पातेल्यावर काहीतरी टण्णकन वाजलं.

मी काय केलं असेल? काठी उगारली? छे हो! डोळे गच्च मिटून खाली बसले!

उघडले तेव्हा घार उसावर पोचलेली. पायात काहीतरी लोंबत होतं.

मग मात्र माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तसा त्याआधी कधी निघाला नव्हता. "नेलं! पिल्लू नेलं हो! धावा! पिल्लू उसात नेलं!" पार बांधापर्यंत पळाले ओरडत. कुणी दिसेना. परत आले, तांबडीला आणि हाताला लागतील ती पिल्लं घरात घेतली, डालग्याखाली झाकली. मोजायची हिंमत होईना. दहा निघाली तर? भिंतीला टेकून रडत बसले. आत्याबाईंना कोणत्या तोंडानं सांगू?

अर्ध्या तासानं दारावर धाडधाड थापा. शेजारचे सखाराम तात्या! हातात कुऱ्हाड, चेहरा पांढरा.

"सूनबाई, कडी लाव आतनं! भाईर येऊ नको! बिबट्या आलाय!"

"अगंबाई! कुठं?"

"आपल्याच उसात. मंजुळाबायची दीड वर्साची नात उचलून नेली त्यानं."

मंजुळाबाईंचं घर आमच्यापासून दोन बांधांवर. ती पोरगी काल तर आमच्या ओट्यावर गुळाचा खडा चोखत बसली होती! कडी लावली, दाराला पाण्याचं पिंप सरकवलं. पण बाहेरून मंजुळाबाईंचा हंबरडा ऐकू आला आणि मला आत बसवेना. मुसळ उचललं आणि निघाले.

उसाच्या कडेला सगळी वस्ती. बाया डबे बडवतायत, गडी कोयते घेऊन सरीत शिरतायत, कुणी पाचट पेटवा म्हणतंय, कुणी पेटवू नका, पोर आत हाय म्हणतंय. मंजुळाबाई मातीत लोळतायत. मी त्यांना मिठी मारली आणि त्यांच्याहून मोठ्यानं रडायला लागले. कोंबडीच्या पिल्लासाठी रडत बसले होते ना मघाशी! स्वतःची इतकी लाज वाटली मला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय झालं वो? का जमलाय समदे?"

मंजुळाबाईंची सून. डोक्यावर दळणाचा डबा आणि कडेवर पोरगी! नाकापासून पायापर्यंत पिठानं पांढरी, पण धडधाकट. गिरणीत गेल्या होत्या मायलेकी.

डबे थांबले. मंजुळाबाईंनी नातीला ओढून घेतलं आणि असे मुके घेतले की त्याही पांढऱ्या झाल्या.

मग तात्यांनी विचारलं, "बिबट्या कुनी पाह्यला?"

कुणीच नाही!

"मंजुळाबाय, तुला कुनी सांगितलं?"

"मी नदीवर धुनं धूत हुते. कानावर आलं, पिल्लू नेलं, उसात नेलं. आमी हिला घरात पिल्लूच म्हनतो की वो! कालच शेजारच्या गावात बिबट्या दिसल्याचं ऐकल्यालं. काळीज फाटलं माझं. पळत घरी आले, तर घरात ना सून ना पोरगी!"

"आवाज कुनाचा हुता?"

"बाईमानसाचा. बोलनं शेहरातलं वाटलं."

एकेक करून सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मुसळ हातातून गळून पडलं. "अहो... मी... कोंबडीचं म्हणत होते... घारीनं नेलेलं..."

तेवढ्यात उसातून एक गडी बाहेर आला. "तात्या, आत कायबी न्हाई. ह्ये तेवढं पडल्यालं." त्याच्या चिमटीत अर्धा कुरतडलेला बोंबील!

तात्या मला घेऊन घरी आले. डालगं उचललं, पिल्लं मोजली. अकरा! मग अंगणात गेले. तिथं उन्हात सूप ठेवलेलं, बोंबलांनी भरलेलं. घमघमाट सुटलेला. सकाळी मीच वाळत घातलेले, आणि पिल्लं राखायला त्याच सुपाशेजारी जाऊन उभी राहिलेली.

आठव्या दिवशी आत्याबाई आल्या. बसमधून उतरल्या तिथंच त्यांना सगळी कथा कळलेली. मी दारात उभी, आता काय होतंय म्हणून बघत. त्यांनी पिल्लं मोजली, सूप पाहिलं, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "घारीला जेवायला बोलवायचं हुतं तर बोलवायचं. पन तेवढ्यासाठी सगळ्या वस्तीला कशाला गं आवतान धाडलं?"