वाटणीतला पियानो

काकी वाजवायला बसण्याआधी पदराने पियानो पुसायच्या. पण निम्माच. मधल्या लाल रेघेपर्यंत पदर यायचा आणि तिथूनच मागे फिरायचा. रेघेपलीकडची धूळ धाकट्या जाऊबाईंची. "ज्यानं त्यानं आपल्या हद्दीत ऱ्हावं," हे काकींचं पालुपद.

ती रेघ पंचांनी मारली होती. काकींचे सासरे फौजेच्या बँडमध्ये होते. निवृत्त होताना त्यांनी ऑफिसरांच्या मेसमधला मोडीत निघालेला पियानो लिलावात घेतला आणि उंब्रजजवळच्या आपल्या गावी आणला. मुलांना उसापलीकडे काही सुचत नव्हतं, म्हणून त्यांनी दोन्ही सुनांना शिकवलं. सासरे गेले, वाटणी झाली. जमीन, विहीर, म्हशी भावाभावांनी घेतल्या. पियानो कुणालाच नको होता. मग पंचांनी तो सुनांच्या नावावर लावला आणि भांडण नको म्हणून मधोमध ऑइलपेंटची रेघ ओढली. डावीकडचा थोरलीचा, उजवीकडचा धाकटीचा.

मी तेव्हा बाईच्या जमिनीवरच्या हक्काची पत्रकं वाटत गावोगाव फिरायचो. काकींनी माझं पत्रक शेवटपर्यंत वाचलं, त्याची घट्ट घडी घातली आणि पियानोच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली.

"माज्या नावावर ह्यो निम्मा पियानो हाय," त्या म्हणाल्या. "दुसरं कायबी न्हाई. त्यो तरी सरळ हुबा ऱ्हाऊ दे."

पुढे दोघी जत्रांत, लग्नांत वाजवायला जाऊ लागल्या आणि मी त्यांचा निवेदक झालो. वाटणीपासून दोघींचं बोलणं बंद होतं, त्यामुळे निरोप्याही मीच. बाक एक, त्यावर दोघी मांडीला मांडी लावून, मागे मी.

"तिला म्हणावं, पळू नगं."

"त्यास्नी म्हणावं, पेंगू नका."

काकी खर्जात ठेका धरायच्या, धाकट्या वरती चाल वाजवायच्या. वडूजच्या जत्रेपासून खंडाळ्याच्या हळदीपर्यंत टेम्पोतून पियानो फिरला. चालीच्या भरात धाकट्यांचं बोट रेघेअलीकडे आलं, की काकी वाजवता वाजवताच त्यावर चापट मारायच्या आणि मांडवातून आरोळी उठायची, "बांध कोरला रं, बांध कोरला!" बांधावरून भावकीत डोकी फोडणारा आमचा मुलूख, त्याच लोकांना ही चापट बघायला लय गोड वाटायची.

मग सांगलीच्या नाट्यगृहात मोठा कार्यक्रम ठरला. संयोजक काकींच्या देखत धाकट्यांना म्हणाला, "ताई, आज तुम्ही एकट्याच बसा. थोरल्या बाई नुसतं ढुम् ढुम् करतात. खरी चाल तर तुमचीच."

काकींनी दोन्ही हात मांडीवर घेतले. त्यांच्या मालकीची जगात एकच गोष्ट होती आणि हा माणूस ती एका वाक्यात काढून घेत होता.

धाकट्या उठून उभ्या राहिल्या. "डावीकडं त्यांची हद्द हाय. दुसऱ्याच्या हद्दीत हात घालाय मी चोर हाय व्हय? त्या बसणार नसतील तर टेम्पो वळवा."

संयोजक गोरामोरा झाला. काकी माझ्याकडे वळल्या. "तिला म्हणावं, लय वरडू नगं. धाप लागली की चाल चुकती तिची."

त्या कार्यक्रमात धाकट्यांचं बोट रेघ ओलांडून आलं, तेव्हा काकींनी आपला हात सरकवून त्याला जागा दिली. लोक आरोळी ठोकायला तयार बसले होते, ते तसेच राहिले.

मागच्या थंडीत काकी वारल्या. जाताना सगळ्या भावकीसमोर सांगून गेल्या, "माजी बाजू धाकटीला. पोरांना न्हाई."

परवा मी गेलो, तर धाकट्या डाव्या बाजूला वाकून काकींचा ठेका शोधत होत्या. सापडत नव्हता. इतकी वर्षं शेजारी बसल्या, पण दुसऱ्याच्या हद्दीत बघायचं कसं, म्हणून त्यांनी डावीकडे कधी पाहिलंच नव्हतं. एक पट्टी दाबली, मग तिच्या शेजारची. शेवटी वैतागून बाकाच्या रिकाम्या बाजूला म्हणाल्या, "आवं आक्का, हितं काय वाजवत हुता तुमी? बोला की आता तरी!"