पुढच्या मापाचे बूट

रायपूरमधल्या तात्यापाऱ्यातल्या बुटांच्या दुकानात ती माझ्या शेजारी बसली होती. कागदावर गिरवलेलं एका लहान पायाचं माप दाखवून तिने एक, दोन आणि तीन नंबरचे शाळेचे बूट मागितले.

"तीनों एक ही बच्ची के, दीदी?" दुकानदाराने विचारलं.

"हव भैया."

मला फोनवर मराठीत बोलताना ऐकून ती माझ्याशी मराठीत बोलू लागली. नवरा झांबियात मिशनचं काम करतो, ती आणि मुलगी तिथेच राहतात, तिथल्या गावापासून बाजार सहा तासांवर आहे आणि रायपूरला येणं तीन वर्षांतून एकदा होतं.

"पाय दरवर्षी एक नंबर वाढेलच असं नाही," मी म्हणालो.

"मोठे झाले तर कापूस भरीन भाऊ. लहान झाले तर काय करू?"

मग तिने इथेच गुढियारीत एकट्या राहणाऱ्या आईसाठी मऊ चपला निवडल्या.

"माताजी की भी दो जोड़ी ले लो," दुकानदार हसत म्हणाला.

ती चपलेच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"एक्याऐंशीची आहे," ती मला हळूच म्हणाली. "मागच्या वेळी निघतानाच मले वाटलं होतं, आता भेट नाही."

दुकानदार एकच जोडी बांधू लागला, तसा तिने त्याचा हात थांबवला.

"दो दे दो भैया." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "दुसरी पुढच्या वेळी मी आल्यावर तिच्या पायात घालीन."