निरंकाचा रकाना

लोकांना प्रश्न विचारण्याचा मला पगार मिळतो, ही गोष्ट माझ्या आईला शेवटपर्यंत पटली नाही. घरात फुकट विचारतेस ते बाहेर पैसे घेऊन विचारतेस, एवढाच फरक, असं ती म्हणायची. पन्नास सालानंतरच्या दशकातली ही गोष्ट. अर्थशास्त्राची पदवी घेऊन मी पुण्यात आमच्या सरांच्या हाताखाली पाहणीचं काम करत होते. मुंबईच्या एका श्रीमंत घराण्याने कलावंतांच्या मदतीसाठी ट्रस्ट काढला होता. पैसे वाटण्याआधी त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या: खेड्यात कलावंताला कोण पोसतं, आणि गावाला त्याच्या कलेचा उपयोग काय. सरांनी त्यासाठी छापील तक्ते तयार केले. गाव कलावंताला काय देतं याला तीन रकाने होते: रोख, धान्य, कपडा. रिकामा रकाना सरांना खपत नसे. काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं, असा त्यांचा दंडक होता.

माझ्या वाट्याला चिंचवड, आकुर्डी आणि आसपासची गावं आली. सकाळच्या गाडीने चिंचवड स्टेशनवर उतरायचं आणि चपला तुटून हातात येईपर्यंत चालायचं. तेव्हा तिकडे सगळी शेतीच होती. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता आणि पोरं त्याबद्दल अशी बोलत की जणू तिथे आत्ताच मुकादम झालेत. आकुर्डीच्या पुढच्या एका गावात मला शाहीर भेटले. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथल्या लोकांचा मी एकदा केला तेवढा अपमान पुरे झाला.

शाहीर भेदिक गायचे. एका फडाने गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच ते सोडवायचं, असा तो सवाल-जवाबाचा प्रकार. जत्रेत, बारशाला, कुणाचं वर्षश्राद्ध असलं तरी शाहिरांचा डफ वाजायचा. दीड एकर काळी जमीन, बायको, आणि बैल एकही नाही. बैल नाही हे मी तक्त्यात नोंदवलं. मग ती जमीन नांगरली कशी जाते, हा पुढचा प्रश्न शेतकऱ्याच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही सुचला असता. मला सुचला नाही, कारण तो तक्त्यात नव्हता.

गाव तुम्हाला काय देतं, असं मी शाहिरांना विचारलं. काई न्हाई बा, म्हणाले. शेजारच्या शेतात गावचे मुलाणी राहायचे. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. दोन बैलजोड्या, मोठं शेत आणि त्याहून मोठा आवाज. त्यांनाही विचारलं, की शाहिराला तुम्ही काय देता.

“त्याला काय द्याचं? त्यो आपलाच हाय,” चाचा म्हणाले.

पंधरा-वीस घरं फिरले. सगळीकडे हेच. मी तिन्ही रकान्यांत निरंक लिहिलं. काय लिवलं, असं शाहिरांनी विचारलं, तेव्हा मी अर्थ सांगितला. त्यांनी मान डोलावली. मग मी न सांगताच त्यांनी डफ घेतला आणि एक पद म्हटलं, माझ्या एकटीसाठी. आमच्या दारातनं कुणी कोरडं जाऊ नये, म्हणाले. पुढे मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा त्यांनी असंच एक पद म्हटलं. मी दर वेळी “फार छान” म्हणून गाडी गाठायला पळत असे.

अहवालातला त्या गावचा भाग मी लिहिला. कला पोरकी झाली आहे, ग्रामीण समाज उदासीन आहे, वगैरे वगैरे. आज वाचलं तर कान लाल होतात. सरांना मात्र तो मजकूर इतका आवडला की त्यांनी तो जसाच्या तसा छापायला दिला. ट्रस्टने काही कलावंतांना दरमहा मानधन लावलं, त्यात माझे शाहीर होते. मी आईला पेढे नेले. पेढे कशाचे ते तिला सांगताना माझा आवाज चढला होता, हेही आठवतं.

पुढच्या हिवाळ्यात सरांनी मला पुन्हा पाठवलं. मानधनामुळे कला कशी बहरली यावर ट्रस्टला एक पान मजकूर हवा होता. गावाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ज्वारी खांद्याला लागत होती आणि मधेच एका तुकड्यात नुसती हरळी माजलेली. कोण हा आळशी, असं मनात म्हणत मी पुढे गेले. बांधावर शाहिरांची बायको गवत कापत होती. तो तुकडा त्यांचाच होता.

तिच्याकडून मला जे कळलं ते मला वर्षभरापूर्वी कळायला हवं होतं. दर चैत्रात शाहीर घरोघर जाऊन इर्जिकीचं आवतण द्यायचे. मग ठरल्या दिवशी सगळं गाव आपापले बैल आणि नांगर घेऊन त्यांच्या शेतात उतरायचं आणि दिवसभरात नांगरट उरकायचं. मजुरी नाही, भाडं नाही. घरधन्याने पोटभर जेवण घालायचं, बस्स. इर्जीक इतरांच्याही शेतात व्हायची, पण ते फेडीला आपले बैल दुसऱ्याकडे धाडायचे. शाहिरांकडे धाडायला बैल नव्हते, आणि गेली पंधरा वर्षं ते कुणी त्यांच्याकडे मागितलेही नव्हते. ते गातात, हे गावाला पुरेसं होतं.

मानधन सुरू झालं आणि शाहिरांना आवतण द्यायची लाज वाटू लागली. पुण्याहून पैका येतोय आणि लोकांना फुकट राबवायचं, हे बरं नव्हे. म्हणून त्यांनी आपल्या मते सरळ आणि सभ्य गोष्ट केली. ते चाचांच्या दारात गेले आणि बैलांचं दिवसाचं भाडं विचारलं.

चाचांनी बैल मोकळे नाहीत म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गावभर झाली. मग कुणाचेच बैल मोकळे नव्हते.

मी तशीच चाचांकडे गेले. मोठ्या आवाजाचा तो माणूस त्या दिवशी हळू बोलला.

“पंधरा वर्सं माजी जोडी त्याच्या रानात पहिली उतरली. आन् त्यो माज्या दारात येऊन भाडं इचारतो. मी काय भाड्याचा हाय व्हय, बाई?”

करायला गेले गणपती आणि झालं माकड. चाचांसमोर मला रडू आलं आणि रागही आला. गावावर नाही, शाहिरांवर नाही, त्या छापील कागदावर आणि त्याहून जास्त माझ्या पेढ्यांवर.

शाहीर मानी. त्यांना वाटे, गावाने आपल्याला टाकलं. गावाला वाटे, शाहीर आता पुण्याचे झाले. जत्रेत ते गायले होते, पण लोक बाहेरून सुपारी देऊन आणलेल्या गवयाचं ऐकावं तसे ऐकत बसले, असं त्यांची बायको म्हणाली. दुसरं वर्षही रान पडीक राहिलं असतं तर घरात दाणा आला नसता. वाट काढली ती तिनेच. ट्रंकेत मानधनाचे पैसे होते. त्यातून चैत्रात एक बोकड घ्यायचा, ती म्हणाली. गावात बोकड कापायचा मान मुलाण्याचा. दुसऱ्या कुणाच्या हातचं गाव खाणार नाही आणि आपला मान चाचा सोडणार नाहीत.

चैत्रात मी पुन्हा गेले, तेव्हा आवतणाला तिने मला सोबत नेलं. “तुमी लिवलंत, आता तुमीच चला,” एवढंच म्हणाली. ज्या घरांत मी तक्ता घेऊन फिरले होते त्याच घरांत आता नुसती तिच्या मागे उभी राहिले. चाचांच्या दारात ती म्हणाली की चाचा, बोकड आणलाय, सुरी तुमची लागंल. ते बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

“सुरीसंगं जोडीबी येती का, त्ये न्हाई इचारलंस,” ते शेवटी म्हणाले.

त्या दिवशी बारा जोड्या आल्या. तीन-तीन जोड्यांचा एक, असे चार नांगर. नांगराचं पहिलं तास, म्हणजे पहिली रेघ, चाचांच्या बैलांनी काढलं. शाहीर बांधावर उभे राहून दिवसभर डफ वाजवत होते आणि हरळीची ढेकळं उलटी होत होती. मला भाकरी थापता येत नाही हे बायकांनी दोन भाकऱ्यांतच ओळखलं आणि माझ्या डोक्यावर पाण्याची घागर दिली. कलेचा समाजाला उपयोग काय, या प्रश्नावर मी चाळीस पानं लिहिली होती. त्यांतली एकही ओळ त्या रानात मला आठवली नाही. ऊन उतरल्यावर पंगती बसल्या. चाचांनी शाहिरांच्या ताटात स्वतः वाढलं.

ट्रस्टला मानधनाचा विनियोग कळवायचा होता. मी खरं तेच लिहिलं: एक बोकड, इर्जिकीसाठी. गावाच्या देणगीच्या रकान्यात लिहिलं: बारा जोड्या, एक दिवस. सर म्हणाले, याची बेरीज कशी करायची? मी म्हटलं, करू नका. त्यांच्याशी मी पहिल्यांदाच इतकी उद्धट बोलले. माझा कागद त्यांनी फायलीत लावला, छापील अहवालात काही बदल झाला नाही. बोकडाचा खर्च कलेसाठीचा नव्हे, असं कळवून ट्रस्टने मानधन बंद केलं.

ते सांगायला मीच गेले. वाटेत शाहिरांना सांगायच्या वाक्याची दहा वेळा घोकंपट्टी केली. त्यांनी शांतपणे ऐकलं. रानात ज्वारी उभी होती, पैशाचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. मग म्हणाले:

“त्ये जाऊ द्या. गावाच्या नावाम्होरं निरंक लिवलं व्हतं, त्ये खोडलंत का?”

मी खरं ते सांगितलं. छापून झालं होतं. पुस्तकं मुंबईला गेली होती.

 शाहिरांच्या बायकोने चहा केला, तो मी प्यायले. डफ खुंटीला होता, तिकडे मी दोनदा पाहिलं. गाडीची वेळ झाली तशी उठले, दारात उगाच थोडी रेंगाळले. ते मला बांधापर्यंत पोचवायला आले, नीट जा म्हणाले. त्या दिवशी ते माझ्यासाठी गायले नाहीत.